माझ्या नावाचा बिल्ला

मी डिलाईल रोडला घरात गवार मोडत बसले होते आणि तिकडे लालबागला माझ्या नावावर किरणं जमा होत होती. ही गोष्ट आठवली की आजही माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, सोडून दे आता, मूल लहान आहे, दुधावर परिणाम होतो. दुधाचं माझं मी बघेन. सोडून द्यायला सांगणाऱ्यांनी आधी काय झालं ते ऐकून तर घ्यावं.

मी एक्स-रे टेक्निशियन आहे. कोर्स करून, परीक्षा देऊन, रीतसर. लालबागच्या एका गल्लीत हाडांच्या एका डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथे मी लग्नाच्या आधीपासून कामाला होते. पुढे बाकडी, मग डॉक्टरांची केबिन, मागे एक्स-रेची खोली, आणि भिंतीला भिंत लावून मसाला कांडपाचं दुकान. उन्हाळ्यात तिकडे मिरच्या कुटायला लागले की आमचे पेशंट टेबलावर पडल्यापडल्या शिंकायचे आणि फोटो हलायचा. मग परत काढायचा. परत काढायचा म्हणजे परत किरणं. मी दुकानदाराशी भांडून दुपारची वेळ ठरवून घेतली होती. तेवढा वेळ तो मशीन बंद ठेवायचा आणि मी सगळी लहान मुलं त्या वेळात उरकायचे. डॉक्टरांना या भानगडीचा पत्ताही नव्हता.

आमच्या कामात छातीवर एक बॅज लावावा लागतो. काडेपेटीएवढा, प्लास्टिकचा, आत एक छोटी पट्टी, वर आपलं नाव. आपल्याला किती किरणं लागली ते त्या पट्टीत साठतं. तीन महिन्यांनी तो बॅज तपासायला जातो, नवीन येतो, आणि आकडा आपल्या नावावर चढतो. बस, एवढंच त्याचं काम. घरात लाईटचं मीटर असतं ना, तसं. मीटर किती वीज जळली ते सांगतं. मीटर आहे म्हणून शॉक लागायचा थांबत नाही. ही साधी गोष्ट आहे, पण पुढचं सगळं रामायण याच एका गोष्टीवरून झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

नियम तसे फार नाहीत. बटण दाबणारा माणूस शिकलेला हवा. शिकाऊ असेल तर शिकलेला माणूस शेजारी उभा हवा. प्रत्येकाचा बॅज ज्याचा त्याने लावायचा. मूल धरायचं असेल तर आईबापाने धरायचं, शिशाचा एप्रन घालून, दवाखान्यातल्या माणसाने रोज रोज धरायचं नाही. आणि बाई गरोदर असेल तर तिने लेखी कळवायचं, मग तिच्या पोटाला किरणं लागणार नाहीत असं काम तिला द्यायचं.

आमच्या डॉक्टरांकडे या सगळ्यावर दोन उत्तरं होती. पहिलं, "एवढ्या छोट्या मशीनला सूट आहे गं." दुसरं, "मी आहे ना."

सूट आहे हे खोटं नव्हतं. मोठमोठ्या मशीनला पूर्ण परवाना लागतो, आमच्यासारख्या साध्या मशीनला नोंदणी पुरते. सूट होती ती कागदांना. पण नोंदणी सोपी केली म्हणजे किरणंही सौम्य झाली, असं त्यांनी आपल्या मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पडद्याला शिशाची नवी काच हवी म्हटलं, सूट आहे. एप्रनला भेगा पडल्यात म्हटलं, सूट आहे. आणि "मी आहे ना" म्हणजे काय, तर ते केबिनमध्ये बसून कोणाच्या तरी गुडघ्यात इंजेक्शन देत असायचे. भिंतीच्या पलीकडून त्यांची देखरेख चालायची. माणूस हाडांचा मोठा डॉक्टर, हात सोन्याचा, हे मी आजही नाकारत नाही. पण मागच्या खोलीत काय चालतं ते बघायला तो महिनोन् महिने उठत नसे.

दवाखान्यात तिसरं माणूस म्हणजे मावशी. झाडलोट, चहा, पेशंटला टेबलावर चढवणं, म्हाताऱ्यांचे सॉक्स काढणं, सगळं तीच. काळाचौकीला राहायची, मूळची मालवणकडची. मोठ्या लेकाचं लग्न झालेलं, तरी कामाला वाघीण. रडक्या पोरांना ती जशी गप्प करायची तसं कोणाला जमायचं नाही. मी होते तोवर बटणाच्या वेळी तिला दाराबाहेर काढायचे. ती वैतागायची, म्हणायची, पोर माझ्या हातात गप ऱ्हवता, आईकडे रडता. मी म्हणायचे, रडू दे, तू बाहेर हो. आमचं रोजचं भांडण ते.

मग मला दिवस राहिले. याआधी दोनदा राहून गेले होते, त्यामुळे घरात कोणी हसायलाही धजत नव्हतं. सासूबाईंनी मला फणसाच्या भाजीपासून बसच्या धक्क्यापर्यंत सगळं बंद केलं. मी नियमाप्रमाणे डॉक्टरांना लेखी दिलं आणि वर तोंडीही सांगितलं, की पडद्याची काच बदलली तर मी मागे उभी राहून नीट काम करू शकते. नियमात हेच आहे. नियमात बाईला घरी बसवा असं कुठेही लिहिलेलं नाही.

डॉक्टर हसले. म्हणाले, "अगं, एवढ्या वर्षांनी गुड न्यूज आहे. घरी आराम कर. बदली माणूस बघितलाय मी. बाळंत हो, मग ये, तुझी जागा कुठे जात नाही." काच बदलण्यापेक्षा मला बदलणं सोपं होतं, एवढाच त्याचा अर्थ. पण जागा राहणार होती, आणि पोटातलं राहायला हवं होतं, म्हणून मी बॅज काढला, बाहेरच्या खिळ्याला अडकवला आणि सांगितलं, हा परत पाठवून द्या. भिंतीवर माझा फोटो आणि सर्टिफिकेट फ्रेममध्ये होतं, ते काढावं असं मला सुचलं नाही, आणि डॉक्टरांना ते काढायचं नव्हतंच.

घरी बसण्याची मला सवय नाही. सकाळी दोघं बाहेर पडली की, म्हणजे नवरा रे रोडला लाकडाच्या वखारीत आणि सासूबाई देवळात, मी आपली गॅलरीत. शेजारणींच्या भाज्याही मीच निवडून द्यायचे. अशीच एका सकाळी गवार मोडत होते आणि फोनवर मेल आला. बॅज तपासणाऱ्या ऑफिसचा. भाषा त्यांची नेहमीची कोरडी. या तिमाहीत तुमच्या बॅजवर मर्यादेपेक्षा जास्त नोंद आढळली आहे, कारण कळवावे, आणि तोवर किरणांच्या कामापासून दूर राहावे.

मी दूरच होते! दवाखान्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

पण अक्कल नंतर येते, भीती आधी येते. माझा हात पोटावर गेला. मी तो मेल पुन्हा पुन्हा वाचला. वर माझंच नाव, माझाच नंबर. क्षणभर मला स्वतःचाच भरवसा वाटेना. आपण कधी गेलो होतो का, झोपेत, तापात, काही विसरलो का, असले वेडगळ विचार आले. एवढी शिकलेली मी, आणि एका मेलने मला माझ्याच घरात गुन्हेगार करून ठेवलं.

घरातल्यांनी उरलंसुरलं पूर्ण केलं. सासूबाई म्हणाल्या, "खरं सांग, मला न सांगता गेली होतीस का कामाला?" जेवताना नवऱ्याचा घास हातातच राहिला. मग हळूच म्हणाला, "एखाद दिवस गेली असशील तर सांग ना यार. मी नाही चिडणार." मला इतका राग आला की ताट तसंच सोडून उठले. दोनदा रिकामी होऊन घरी आलेली बाई मी, मी तिसऱ्यांदा असं करीन? पण त्यांचं तरी काय चुकलं, कागद माझ्या नावाचा होता. त्या डॉक्टरने माझ्या माणसांना माझ्यावर शंका घ्यायला लावली. याची माफी मी त्याला कधी देणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी करी रोडच्या पुलावरून चालत मी लालबागला गेले. रिक्षा या भागात येत नाहीत आणि टॅक्सीवाले एवढ्या जवळ येत नाहीत. पोचले तेव्हा कांडप जोरात चालू होतं, गल्लीभर तिखटाचा खकाणा. म्हणजे दुपारची ती ठरवलेली वेळही आता कोणी पाळत नव्हतं. बाकड्यावर पेशंट. भिंतीवर मी, फ्रेममध्ये, हसतमुख. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, म्हणून आत बघितलं.

टेबलावर हात मोडलेलं एक पोर, शिंकांनी बेजार. मावशी त्याच्यावर वाकलेली. एक पंजा त्याच्या कपाळावर, दुसरा दोन्ही गुडघ्यांवर. बटणाची लांब वायर तिने गुडघ्यांवरच्या हातापाशी ओढून घेतली होती. "हलू नको हां राजा," म्हणाली, तोंड बाजूला फिरवलं आणि त्याच हाताच्या बोटाने बटण दाबलं. अंगात एप्रन नाही. एप्रन पोराच्या आईला घालून तिला बाहेर बसवलं होतं. पोर शिंकलं. मावशी म्हणाली, "हललास रे," आणि तिने पुन्हा दाबलं.

बदली माणूस म्हणजे मावशी. आणि तिच्या साडीवर, छातीशी, सेफ्टी पिन लावून माझ्या नावाचा बॅज. पुढच्या तिमाहीचा, कोरा करकरीत. डॉक्टरांनी माझं नाव काढलंच नव्हतं, त्यामुळे बॅज येतच राहिले होते.

मला बघून ती आनंदली. "अगो बाय, तू कशाक इलंस हयसर? पोटात पोर आणि येतंस काय! जा बघू भायर."

मी म्हटलं, "मावशी, हे काय घातलंयस तू?"

"बिल्लो," ती म्हणाली, आणि कौतुकाने त्यावरून पदर फिरवला. "डॉक्टरांनी दिल्यानी. ह्यो लावलो की किरणा लागनत नाय. माका काय एक होवचा नाय. तू भिया नको."

तिने तो मंगळसूत्राच्या वर लावला होता. रोज सकाळी लावताना ती त्याला हात लावून नमस्कार करायची, हे मला नंतर कळलं. बिल्ला आहे म्हणून ती बिनधास्त झाली होती. मी दाराबाहेर काढायचे तेव्हा निदान थोडी तरी भ्यायची. आता पोरंच्या पोरं छातीशी धरत होती, आणि तो बिल्ला मुकाट्याने सगळं मोजत होता, माझ्या नावावर.

मी केबिनमध्ये घुसले. पेशंट आत होता तरी घुसले.

डॉक्टर शांत. पेशंटला बाहेर बसवलं, मला पाणी दिलं. "मेल मलाही आलाय. सिंपल आहे. हे असं होतं कधी कधी." ड्रॉवरमधून टाईप केलेला एक कागद काढला. मजकूर असा, की माझा बॅज एक्स-रेच्या खोलीत चुकून राहून गेला, त्यामुळे त्यावर जी नोंद झाली ती कोणत्याही माणसाला लागलेली नाही, तरी ती रद्द करावी. खाली माझ्या सहीची जागा. "सगळीकडे हेच लिहितात. तुझा रेकॉर्ड क्लीन, पोरगं सेफ, विषय संपला."

"कोणाला लागलेली नाही?" मी विचारलं. "आणि मावशी?"

"मावशी माझ्या सुपरव्हिजनखाली करते. मी आहे ना. आणि छोट्या मशीनला..."

"सूट आहे," मी म्हटलं.

"हो, आहे," ते म्हणाले. मग आवाज थोडा बदलला. "हे बघ, तुला परत यायचंय की नाही? उद्या चौकशी लागली तर मशीन बंद होईल. तुझी जागा, मावशीची जागा, सगळंच जाईल. तू समजूतदार आहेस."

बाई समजूतदार आहे असं कोणी म्हणालं की ओळखावं, आपल्या गळ्यात काहीतरी मारायचं चाललंय. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. तिथेच फाडायला हवा होता असं आता नवऱ्याला वाटतं. पण मला तो घरी नेऊन नीट वाचायचा होता. "कोणत्याही माणसाला लागलेली नाही." एवढं एक वाक्य मी त्या रात्री शंभरदा वाचलं असेल.

त्या वाक्याचा अर्थ एकच. मावशी हे माणूस नाही.

नवरा म्हणाला, "सही करून टाक ना. मावशीचं वाईट वाटतं गं, पण आपलं बघायला नको?" सासूबाईही म्हणाल्या, पोटुशी बाईने कोर्टकचेरीत पडू नये. दोघं माझ्या भल्याचंच बोलत होते आणि दोघांचाही मला संताप येत होता.

रविवारी मावशी आली. येताना कुळथाची पिठी घेऊन आली होती, माझ्या तोंडाला चव यावी म्हणून. डॉक्टरांनी पाठवलं होतं तिला. बसल्या बसल्या म्हणाली, "सही कर गो बाय. माझी नोकरी जाता. या वयात माका कोण ठेवतला?"

मी तिला आमच्या दारावरचं मीटर दाखवलं. म्हटलं, हे काय करतं? म्हणाली, लाईट मोजता. म्हटलं, हे असलं म्हणून शॉक लागायचा राहतो का? ती हसली. "तो कसो ऱ्हवात?" मग मी सांगितलं, तुझा बिल्ला तसाच आहे मावशी. तो अडवत नाही. तो फक्त मोजतो.

ती मीटरकडे बघत राहिली. चकती फिरण्याचे दिवस गेले, आता त्यात नुसता लाल दिवा लुकलुकतो. मग म्हणाली, "म्हणजे जा काय होता ता सगळा आत गेला?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? पुढे हेही सांगितलं, की घाबरून जाण्याइतकं ते नसेल, पण पुसून टाकण्याइतकंही नाही. ते तुझ्या नावावर लिहिलं गेलं तरच कोणीतरी तुला तपासेल, पुढे काही झालं तर विचारेल. मी सही केली तर ते कोणालाच लागलेलं नसेल. आणि नाही केली तर नोकरी बहुतेक जाईल, तुझीही आणि माझीही. मी तिला काही लपवलं नाही. डॉक्टर एवढा शिकलेला, त्याला हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. त्याने तिला बिल्ला दिला.

मावशी उठली. चहाही घेतला नाही. जिन्यावर वळून उभी राहिली आणि म्हणाली, "माझा नाव लिवतलंस तर पुरा लिव. नुसती मावशी नको."

आणि तिने मला आपलं नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. इतकी वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं होतं आणि त्या दवाखान्यात ते नाव कोणी एकदाही उच्चारलं नव्हतं. मी ते तिच्यासमोर म्हणून दाखवलं. तिने मान हलवली आणि ती जिना उतरली.

मी त्याच संध्याकाळी उत्तर पाठवलं. बॅज माझा, अंग दुसऱ्या बाईचं, तिचं पूर्ण नाव हे, ती बटण दाबते, मुलं धरते, तिला कोणी शिकवलेलं नाही, मी अमुक महिन्यापासून घरी आहे. नवऱ्याने वाचलं आणि शेजारी बसून राहिला. पाठवायचं बटण मीच दाबलं.

चौकशीला दोन अधिकारी आले. मलाही बोलावलं. दवाखान्यात त्या दिवशी भिंतीवरची माझी फ्रेम गायब होती, खाली फिकट चौकोन तेवढा उरला होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, या नावाच्या बाई कुठे आहेत? आणि डॉक्टर, ज्यांच्यासमोर ती रोज सकाळी चहाचा कप ठेवत आली होती, ते म्हणाले, "या नावाचं कोणी आमच्या स्टाफवर नाही."

खोटंही नव्हतं ते! मस्टरवर तिचं नाव कधी चढलंच नव्हतं. मी ओरडले. पोट सांभाळत, उभी राहून ओरडले. बाहेर बाकड्यावरचे पेशंट दारात येऊन बघायला लागले. त्या दिवशी तिला कामावर येऊ नकोस म्हणून निरोप गेला होता, हे मला तिथेच गल्लीतल्या पानवाल्याकडून कळलं.

अधिकाऱ्यांपैकी एक भला माणूस होता. माझं सगळं लिहून घेतलं. मशीन सील केलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, तुमचं मला पटतंय. पण नोंद होते ती ज्याचा बॅज त्याच्या नावावर. त्या बाई आमच्याकडे कुठेच नाहीत. त्यांच्या नावावर चढवायला जागाच नाही. शेऱ्यात लिहितो मी."

म्हणजे नियम माझ्यावर लक्ष ठेवून होते. माझा बॅज, माझा आकडा, माझं पोट, सगळ्याची काळजी होती. जिला कोणी शिकवलं नाही, जिला एप्रन दिला नाही, तिला नियमांनीच सूट दिली होती. खरी सूट ही. मशीनला नव्हे, मावशीला.

"मग रद्द तरी करू नका," मी त्याला म्हटलं. "राहू दे माझ्या नावावर. कोणाला तरी लागलंय एवढं तरी दिसेल." त्याने तसंच ठेवलं. आजही त्या ऑफिसात शोधलं तर सापडेल, की मी गरोदरपणात, घरात गवार मोडता मोडता, मर्यादेबाहेर किरणं घेतली.

मशीनचं सील काही दिवसांत निघालं. डॉक्टरांनी रीतसर टेक्निशियन ठेवला, काचही नवी बसवली म्हणे. काच! माझी जागा गेली, मावशीचीही गेली. मी तिला परळला मोठ्या इस्पितळात नेऊन रक्त तपासून घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नावाने हाक मारली, समोर बसवलं, सध्या सगळं ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा या, असं नीट समजावलं. मावशी मान हलवत होती. मला वाटलं, तिला कळलं.

मला मुलगी झाली. व्यवस्थित, पूर्ण दिवसांची, रडण्यात आमच्या सासूबाईंना भारी पडणारी. सगळी चाळ बघून गेली, मावशी येईना. निरोपावर निरोप पाठवले. एका दुपारी आली ती अळिवाचे लाडू घेऊन, आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. डबा आत सरकवला, हात पाठीमागे घेतले.

"घे की तिला," मी म्हटलं.

"नको गो." ती एक पाऊल मागे झाली. "माझ्या आंगात ती किरणा आसत. पोराक लागतली."

"कोणी सांगितलं तुला हे?"

"डॉक्टरांनी. कामावरसून काढल्यानी तेवा सांगल्यानी, आता पोरांक हात लावू नको म्हणून. म्हणान तर मी इलंय नाय. घराकडे नातवाक पण घेतंय नाय मी."

माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला. एक्स-रेची किरणं अंगात राहत नाहीत. बटण सोडलं की संपली. जे करायचं ते करून जातात, पण एकाची दुसऱ्याला लागत नाहीत. आमच्या कोर्सच्या पहिल्या आठवड्यातलं आहे हे, आणि त्या माणसाला ते ठाऊक होतं. कामावर हवी होती तेव्हा सांगितलं, तुला काही लागत नाही. काढायची होती तेव्हा सांगितलं, तूच आता दुसऱ्याला लागशील. आणि ही बाई एवढे महिने नातवापासून लांब बसून राहिली होती.

मी तिला काही समजावलं नाही. हाताला धरून आत ओढलं, खाली बसवलं, आणि मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. मावशीचे हात आपोआप पुढे आले. एक पंजा पोरीच्या कपाळावर, दुसरा दोन्ही गुडघ्यांवर, घट्ट. आणि तोंड तिने बाजूला फिरवलं.

"सैल धर मावशी," मी म्हटलं. "आणि बघ तिच्याकडे. इथे कोणी बटण दाबणार नाही."